टाकीत किती पेट्रोल उरलं की पंपावर वळायचं? पाव टाकी की रिझर्व्हचा लाईट?

घाटवाली_सुमी
आमच्या घरात यावरून कायम वाजतं. नवऱ्याचं म्हणणं लाईट लागल्याशिवाय पंपावर जायचं नाही, उगाच दर चार दिवसांनी कोण लाईनीत उभं राहणार, आणि मी काटा पाव टाकीवर आला की गाडी वळवतेच. आमची स्विफ्ट आहे, ३७ लिटरची टाकी, म्हणजे पाव टाकी झाली की नऊ लिटरच्या आसपास उरतं आणि लाईट लागतो तेव्हा चार-पाच लिटर. पुण्यातल्या पुण्यात फिरताना चार लिटर भरपूर आहे हे मलाही मान्य. पण आमचं येणंजाणं ताम्हिणीतून माणगावला असतं, मुळशी मागे पडलं की पंप विरळ होत जातात, पावसाळ्यात दरड आली की तासन्‌तास एकाच जागी, मागे लहान मूल, एसी बंद करून काचा खाली करायची सोय नाही कारण बाहेर धो धो पाऊस. अशा वेळी टाकीत किती आहे याचा हिशेब करत बसणं मला नको वाटतं. माझं स्पष्ट मत आहे की पाव टाकी म्हणजेच रिकामी समजायची. तुम्ही काय करता, आणि का?

चक्रधर
नवऱ्याच्या बाजूने एक मत. अहो कंपनीने लाईट दिलाय तो त्यासाठीच ना, लाईट लागला की गाडी बंद पडत नाही, त्यानंतरही पन्नास-साठ किमी आरामात जाते हे धरूनच तो सेट केलेला असतो. पाव टाकीवर भरायचं म्हणजे पाव टाकी पेट्रोल तुम्ही कधी वापरतच नाही, नुसतं फिरवता. आणि ऑफिस सुटल्यावर पंपावर जी रांग असते त्यात माझी पंधरा-वीस मिनिटं जातात, ती मला महिन्यात दोनदाच घालवायची आहेत, चारदा नाही. पूर्वी लोक दर वाढायच्या आदल्या रात्री टाकी फुल करायला धावायचे, ते पण आता राहिलं नाही, २०१७ च्या जूनपासून दर रोज सकाळी सहाला ठरतो. शहरात राहणाऱ्याने लाईट लागेपर्यंत बिनधास्त चालवावी.

गॅरेजवाला_पिंट्या
दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे पण मूळ मुद्दा कोणी बोललंच नाही. आताच्या इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत इंजिनाला पेट्रोल पुरवणारा पंप टाकीच्या आत असतो, इलेक्ट्रिक, आणि तो थंड राहतो तो त्यातून जाणाऱ्या पेट्रोलमुळेच. जुन्या पद्मिनीत किंवा कार्बोरेटरवाल्या मारुती ८०० मध्ये पंप बाहेर इंजिनला लावलेला मेकॅनिकल असायचा, तिथे हा प्रश्न नव्हता. आता लोक म्हणतात की पाव टाकीच्या खाली गेलं की पंप उघडा पडतो आणि जळतो, तर तसं सरसकट नाही. बऱ्याच गाड्यांत पंप एका छोट्या डब्यात बसवलेला असतो आणि तो डबा टाकीतल्या पेट्रोलने सतत भरत राहतो, त्यामुळे लाईट लागला तरी पंप बुडालेलाच असतो. भानगड त्याच्या पुढची आहे. लाईट लागून बराच वेळ झालाय, काटा तळाला टेकलाय, आणि तुम्ही घाट चढताय, पेट्रोल टाकीच्या एका कोपऱ्यात जातं, डबा भरत नाही, पंप हवा ओढतो, गाडी झटके देते. तेव्हा पंप कोरडा फिरतो आणि गरम होतो. एकदा झाल्याने लगेच जात नाही पण सवयच असेल तर आयुष्य कमी होणारच. पंप गेला की बहुतेक वेळा अख्खा मॉड्यूल बदलावा लागतो, काही हजारांना चाट.

आणि तो गाळाचा मुद्दा, की शेवटचं पेट्रोल वापरलं की तळाचा कचरा इंजिनात जातो, हा माझ्या मते फार फुगवलेला आहे. पंप पहिल्या दिवसापासून तळातूनच ओढतोय, टाकी फुल असली तरी. त्याच्या तोंडाला जाळी असते.

डिझेल असेल तर मात्र मी हात जोडून सांगतो, लाईट लागू देऊ नका. कॉमन रेलचा, म्हणजे आताच्या डिझेल गाड्यांतला, हाय प्रेशर पंप डिझेलवरच वंगण घेतो, एअर घेतली की आतला भाग घासतो, नंतर डिझेल टाकलं तरी गाडी चटकन चालू होत नाही, एअर काढत बसावं लागतं. रस्त्यावर रात्री हे काम कुणी करून देत नाही.

चक्रधर
@गॅरेजवाला_पिंट्या म्हणजे लाईट लागल्यावर थोडं चालवलं तर पेट्रोल गाडीला काही होत नाही हे तुम्हीच म्हणताय ना. मी पण तेच म्हणतोय, काटा तळाला टेकवा असं मी कुठे म्हटलं.

विदर्भवासी
शहर सोडून बोला जरा. समृद्धी ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी सुरू झाला, ५२० किमी, आणि सुरुवातीला त्यावर पंप, हॉटेल, काही धड नव्हतं. लोक नेहमीच्या हायवेसारखे निघाले आणि मधेच पेट्रोल संपून उभे. आता पंप झालेत आणि रस्ता ७०१ किमी पुरा झालाय, पण इंटरचेंज अजूनही लांब लांबच आहेत, एक चुकला की पुढच्यापर्यंत पर्याय नाही. शिवाय तिथे १२० ने चालवता तेव्हा ८० च्या मानाने मायलेज बरंच कमी होतं, आणि स्क्रीनवर अजून १४० किमी जाईल असं दाखवतं ते तुमच्या आधीच्या सरासरीवरून काढलेलं असतं, पुढच्या रस्त्यावरून नाही. भर वेगाच्या रस्त्यावर कडेला गाडी उभी करणं किती धोक्याचं असतं हे मागून ठोकल्याच्या बातम्या वाचणाऱ्याला सांगायला नको. माझ्यासाठी हा पंपाच्या खर्चाचा विषयच नाही, जिवाचा आहे. समृद्धीवर चढताना अर्धी टाकी ही माझी कमीत कमी मर्यादा.

तळकोकणी
आमच्याकडे उलटा हिशेब चालतो. आम्ही बांद्याच्या बाजूचे, पत्रादेवी ओलांडली की गोवा आणि तिथे पेट्रोल आपल्यापेक्षा लिटरमागे बऱ्यापैकी स्वस्त. त्यामुळे सावंतवाडीत कोण पाव टाकीवर फुल करेल, काटा खाली आणून मग पलीकडे जाऊन भरायचं, ही इकडे सगळ्यांचीच पद्धत आहे. ३० लिटर भरले तर दोनशे रुपयांच्या आसपास वाचतात, रोज गोव्यात नोकरीला जाणाऱ्याला ही रक्कम लहान नाही. अंतर माहिती, रस्ता पाठ, कुठे पंप आहे ते डोळे मिटून सांगू. अशाला पाव टाकीचा नियम कशाला लावायचा?

घाटवाली_सुमी
@तळकोकणी रोजच्या रस्त्यासाठी मी तुमचं मान्य करते. पण तुमच्याकडेच गणपतीत मुंबईहून येणारी मंडळी बघा की, माणगाव-इंदापूरला कोंडीत अडकतात, एसी चालू ठेवून नुसतं उभं राहिलं तरी तासाला साधारण लिटरभर जातं. चार तास अडकलात तर लाईट लागल्यावर उरलेलं सगळं तिथेच संपलं, एक किलोमीटर न जाता. त्यांना तुमचा नियम सांगू नका एवढंच.

सीएनजी_ताई
आमच्यासारख्यांचं कोणीच बोलत नाही. सीएनजी गाडीत लोक पेट्रोल जवळपास शून्यावर ठेवतात, चालते ना गॅसवर म्हणून. पण बऱ्याच गाड्या सुरू होताना आधी पेट्रोलवर होतात आणि मग गॅसवर जातात, म्हणजे पेट्रोल पंप रोज चालतोच. नोव्हेंबर २०२५ मध्ये मुंबईत गॅसच्या मुख्य पाइपलाइनला इजा झाली तेव्हा सीएनजी पंप बंद पडले, रिक्षा-टॅक्सीच्या मैलभर रांगा लागल्या, तेव्हा ज्यांच्या टाकीत दहा लिटर पेट्रोल होतं ते कामावर गेले. मी पाव टाकी पेट्रोल कायम ठेवते आणि अधूनमधून मुद्दाम त्यावर चालवून ते संपवते, कारण महिनोन्‌महिने पडून राहिलेलं पेट्रोल पण चांगलं नाही.

मनमाडकर
१ आणि २ जानेवारी २०२४ आठवा. हिट अँड रनच्या नव्या कलमाविरोधात ट्रक-टँकरवाल्यांनी गाड्या उभ्या केल्या. आमच्याकडे पानेवाडीला इंधनाचे डेपो आहेत, तिथून टँकर निघालेच नाहीत आणि उत्तर महाराष्ट्रातल्या पंपांवर बघता बघता खडखडाट. ज्याची टाकी लाईटवर होती तो थंडीत दोन-दोन तास रांगेत. घरात वडिलांचं डायलिसिस असलेला माणूस लाईट लागायची वाट बघू शकत नाही हो.

चक्रधर
@मनमाडकर घरी पेशंट असेल तर वेगळं, तिथे मी वाद घालणारच नाही. पण त्या दोन दिवसांत पंप कोरडे पडले ते टँकर थांबल्यामुळे जितके, तितकेच अर्धी टाकी असलेले लोक पण फुल करायला धावल्यामुळे पडले, असं माझं ठाम मत आहे. ज्याला खरंच गरज होती त्याच्या पुढे रांगेत कोण उभं होतं? आणि टाकी कायम भरलेली ठेवली की वजनाने मायलेज पडतं असं मी म्हणणार नाही, वीस लिटरचं वजन पंधरा किलो, त्याने काय होतं. माझा आक्षेप फक्त या सरसकट नियमाला आहे.

गॅरेजवाला_पिंट्या
अजून एक सांगतो, फुल करा पण गच्च करू नका. ऑटो कट झाला की थांबायचं. राउंड फिगर करायला पंपवाला दोन-तीनदा नोझल दाबतो त्याला नाही म्हणा, तेवढं जादा पेट्रोल वाफेसाठी केलेल्या कॅनिस्टरमध्ये शिरतं आणि तो खराब होतो. उन्हाळ्यात टाकी फुल केली की स्फोट होतो हा मेसेज दर वर्षी फिरतो, तो खोटा आहे, इंडियन ऑइलने स्वतः खुलासा केलाय की कंपनीने दिलेल्या मर्यादेपर्यंत भरायला काही हरकत नाही.

आणि @चक्रधर, पेट्रोल गाडी, सपाट शहर, जवळ पंप, तर लाईट लागल्यावर त्याच दिवशी भरा, उद्यावर ढकलू नका. एवढं पाळलंत तर माझं तुमच्याशी भांडण नाही.

घाटवाली_सुमी
त्याच दिवशी हे नवऱ्याला वाचून दाखवलं, तो म्हणाला चालेल. पण ताम्हिणी चढायच्या आधी मी पिरंगुटलाच भरणार, काटा कुठेही असो.