नौपाड्यातला वन बीएचके विकू की ठेवू? (वाईत तीन वर्षं राहिल्यावरचा प्रश्न)

नौपाडा_ते_वाई

नमस्कार मंडळी, पोस्ट लांब होणारे, चहा घेऊन बसा. मी ६६, ही ६२. ३१ वर्षं ठाण्याच्या नौपाड्यात काढली, प्रायव्हेट नोकरी, रिटायर झालो आणि तीन वर्षांपूर्वी बिऱ्हाड उचलून वाईला आलो. वाई ना माझं गाव ना हिच्या माहेरचं, एका लग्नाला आलो होतो, संध्याकाळी गणपती घाटावर बसलो आणि तिथंच डोक्यात किडा शिरला. इथे भाड्याने राहतो, खाली दोन खोल्या, मागे न्हाणी आणि कढीपत्त्याचं झाड.

दिवस कसा जातो विचाराल तर साडेपाचला उठून घाटावर चक्कर, ढोल्या गणपतीला हात जोडायचे, येताना रतीबाचं दूध. आठला पेपर वाचून संपतो. भाजी, बँक, दळण, सगळं चालत दहा मिनिटांत, म्हणजे अकरा वाजता दिवसाची सगळी कामं आटोपलेली असतात. खरं सांगतो, पहिले सहा महिने ह्या अकरा वाजण्याची भीती वाटायची. ठाण्यात एवढ्या वेळात माझं एक काम अर्धं झालं असतं आणि रिक्षावाल्याशी एक भांडण पूर्ण. आता दुपारी गावाबरोबर आम्हीपण झोपतो, इथे एक ते चार निम्मी शटरं खाली. संध्याकाळी घाटावर आमची पाच-सहा जणांची बैठक, एकजण विश्वकोशाच्या ऑफिसातून रिटायर झालेत, ते कुठल्याही शब्दाला हात घातला की 'अ'पासून सुरू करतात.

आता मुद्दा. नौपाड्याच्या भाडेकरूचं अकरा महिन्यांचं अॅग्रीमेंट पुढच्या महिन्यात संपतंय आणि त्यालाच फ्लॅट विकत हवाय. मुलगा बेंगळुरूहून म्हणतो विकू नका, उलट परत ठाण्याला जा, वय वाढतंय. मला वाटतं विकून टाकावा, परतीचे दोर कापले की मन एका जागी बसतं. तुमचं काय मत?

घोडबंदरची

काका, दोर सूर्याजीने कापले तेव्हा खाली कडा होता आणि समोर मोगल किल्लेदार होता. तुम्ही नक्की कुणाशी लढताय? 😀 सिरियसली सांगते, विकू नका. माझ्या सासऱ्यांनी हेच केलं होतं, चिपळूणला बंगला बांधला, इथलं घर विकलं. चार वर्षांत सासूबाई गेल्या. एकटा माणूस, गुडघे गेलेले, परत आले तोवर त्या पैशात दिवा स्टेशनच्या बाजूलाही काही मिळेना. आता ते आमच्याकडे हॉलमध्ये दिवाणावर झोपतात आणि रात्री पाणी प्यायला उठले तरी आम्हाला त्रास होईल म्हणून दिवा लावत नाहीत, अंधारात चाचपडत जातात. दोघं असताना गाव छान असतं हो. हिशोब एकट्याचा धरून करा.

जुना_ठाणेकर

पूर्ण असहमत. हे असं घाबरवूनच आपण म्हाताऱ्यांना चौथ्या मजल्यावर कोंडून ठेवतो. मी ७१, जन्म ठाण्यातला. तलावपाळीला फेरी मारायला जातो तर फुटपाथवर अर्धी गर्दी खाणाऱ्यांची, अर्धी मोबाईलवाल्यांची, कुणीतरी ढकलून जातं. स्टेशनबाहेरच्या सॅटिसच्या पुलावर चढायचं म्हणजे मोहीम. रेल्वेची ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये गेली ती गेलीच. उलट एसटीत ७५ नंतर फुकट आणि बायकांना अर्धं तिकीट, म्हणजे सरकारपण सांगतंय गावाकडे जा 😂. नौपाड्यात तर अर्ध्या बिल्डिंगा रिडेव्हलपमेंटला निघाल्यात, तुमची निघाली की नाही? निघाली तर म्हातारपणी तीन-चार वर्षं भाड्याच्या घरात जाल, ते कुठलं सुख. विका आणि घाटावर बसा.

घोडबंदरची

@जुना_ठाणेकर अहो मग तेच तर, रिडेव्हलपमेंट यायच्या तोंडावर कोण विकतं? भाडेकरू एवढा उतावीळ का झालाय ते विचारा आधी. त्याला बिल्डरची कुणकुण लागली असणार.

हिशोबनीस_कळवा

भावना बाजूला ठेवून बोलू का? काकांना पीएफवाली ईपीएसची पेन्शन असेल ती दुधाच्या रतीबापुरती, कारण पगार कितीही असो, तिची गणितं १५,००० पगारावर अडकलेली असतात. फ्लॅट विकला तर नफ्यावर टॅक्स आहे. दुसरं घर घेतलंत तर त्यात सूट मिळते, नाहीतर टॅक्स वाचवायचे कॅपिटल गेन बाँड, ते ५० लाखांपर्यंतच आणि पैसे ५ वर्षं अडकतात. सिनियर सिटिझन स्कीममध्ये एका माणसाला ३० लाखांची मर्यादा, ८.२ टक्क्यांनी तिमाहीला ६१,५०० हातात. काकू पण ६० च्या वर आहेत, त्यांच्या नावाने वेगळं खातं निघेल. सुरक्षित आहे, पण ते व्याज वाढत नाही आणि भाडं दरवर्षी थोडं का होईना वाढतं. आणि एक प्रश्न कुणीच विचारला नाही, फ्लॅट कुणाच्या नावावर आहे?

नौपाडा_ते_वाई

@हिशोबनीस_कळवा दोघांच्या. पहिलं नाव हिचं, लोनच्या वेळी हिच्या बापाने दिलेले दागिने मोडले होते म्हणून.

हिशोबनीस_कळवा

मग काकूंचं मत काय? एवढ्या मोठ्या पोस्टमध्ये त्या फक्त 'ही ६२' एवढ्याच आल्यात.

रात्रपाळी

मला डॉक्टरचं सांगा. बाकी घाट, गणपती सगळं ठीक आहे, रात्री दोनला छातीत दुखलं तर काय? वाईहून साताऱ्याला ३५ किलोमीटर आहे. हार्ट अटॅकला पहिला तास महत्त्वाचा असतो, तो तुम्ही हायवेवर घालवणार का? मी हॉस्पिटलमध्ये नाईट करतो, असे पेशंट येताना बघतो, नातेवाईकांचं पहिलं वाक्य हेच, लांबून आलो हो.

नौपाडा_ते_वाई

@रात्रपाळी झालंय तसं, गेल्या पावसाळ्यात. रात्री पावणेदोनला मला घाम, छातीत जळजळ. हिने शेजारचं दार वाजवलं, त्या मुलाने बनियनवरच गाडी काढली आणि चाळीसेक मिनिटांत साताऱ्यात. निघाली अॅसिडिटी, संध्याकाळी घाटावर मिसळ खाल्ली होती. पण तुमचं खरंय, अॅसिडिटी नसती तर ती चाळीस मिनिटं मोजली गेली असती. फक्त एवढंच विचारतो, संध्याकाळी सात वाजता कासारवडवलीहून माजिवड्याला यायला किती लागतं? अॅम्ब्युलन्सला उडता येत नाही.

घोडबंदरची

५० मिनिटं 🙈 पण रात्री दोनला पंधरा!

जुना_ठाणेकर

आणि ठाण्यात शेजारच्याने बनियनवर गाडी काढली असती का? आमच्या मजल्यावर समोरचं दार सेफ्टी डोअरच्या आतून बोलतं.

रात्रपाळी

@जुना_ठाणेकर तो मुलगा उद्या पुण्याला नोकरीला गेला तर? शेजाऱ्याच्या भरवशावर मेडिकल प्लॅन करता येत नाही एवढंच म्हणणं आहे. ७० नंतर आयुष्मानचं ५ लाखांचं कार्ड निघतं, ते काढा वेळ आली की, आणि एक चांगला डॉक्टर आधी गाठून ठेवा, ऐनवेळी शोधू नका.

नौपाडा_ते_वाई

मी ह्यांची मिसेस लिहितेय, ह्यांच्याच मोबाईलवरून, चष्मा लावून वाचलं सगळं. हिशोबनीस, तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय नाहीतर माझी पाळी आली नसती.

घाटावरची बैठक पाच-सहा जणांची म्हणतात ना, ती पावसाळ्यात आमच्या घरात भरते. कृष्णेचं पाणी चढलं, धोम धरणाचं पाणी सोडलं की ढोल्या गणपतीच्या पायऱ्या गेल्या पाण्यात, मग ही मंडळी आमच्या पुढच्या खोलीत. चार वेळा चहाचं आधण. हे रिटायर झाले, माझा गॅस कुठे झालाय? ठाण्यात माझी सोळा जणींची भिशी होती, गडकरीला नाटक असलं की आम्ही दुपारीच जाऊन तिकिटं काढायचो, डोंबिवलीला बहिणीकडे मनात आलं की लोकल पकडून जायचे, कुणाला विचारायची गरज नव्हती. इथे पहिल्या वर्षी मला हळदीच्या बाजारात जायचं तरी ह्यांच्या स्कूटरच्या मागे बसून, आणि हे बाजारात पाच मिनिटांत चल म्हणतात. ओली हळद निवडून घ्यायला वेळ लागतो हो.

पण परत यायचंय का, तर नाही. कृष्णाबाईच्या उत्सवात मागच्या वर्षी मला स्वयंपाकाच्या पंगतीत घेतलं, वाढायला नाही, फोडणीला. बाहेरच्या बाईला फोडणीला घेत नाहीत इथे लवकर. आणि गेल्या महिन्यापासून मी अॅक्टिव्हा शिकतेय. शेजारचा तो बनियनवालाच शिकवतो, मैदानात, सकाळी साडेसहाला, हे घाटावर असतात तेव्हा. ह्यांना आत्ता वाचून कळेल. पाय खाली न टेकता वळता येत नाही अजून.

फ्लॅट विकायचा नाही. सही माझी लागते.

घोडबंदरची

काकू 🙏🙏🙏 धागा बंद करा आता

जुना_ठाणेकर

वहिनी, विकू नका हे चुकतंय असं माझं अजूनही मत आहे, पण भांडणार कोण तुमच्याशी. अॅक्टिव्हा शिकताना आधी नुसता ब्रेक शिका.

हिशोबनीस_कळवा

अॅग्रीमेंट रिन्यू करताना भाडं वाढवून घ्या, आणि सोसायटीच्या सेक्रेटरीला फोन करून बिल्डरची मीटिंग झाली का ते विचारा. आजच करा.

नौपाडा_ते_वाई

मीच, मूळ धागाकर्ता. सेक्रेटरीला फोन केला, दोन मीटिंगा झाल्या म्हणे, आम्हाला कळवायचं राहून गेलं. भाडेकरूला माहीत होतं. अकरा महिन्यांचं रिन्यू करतोय. आणि मैदानात जाऊन लांबून बघून आलो, झाडामागे उभा होतो. वळताना अजूनही दोन्ही पाय खाली टेकवते, पण सरळ रस्त्यावर माझ्यापेक्षा जोरात जाते.