उन्हाळी लोकसंगीत महोत्सव आणि तंबूतला मुक्काम : तुमचे अनुभव सांगा

मंडळी, यंदा जुलैत कॅनडातल्या विनिपेगच्या लोकसंगीत महोत्सवाला चारही दिवस तंबूत राहायचं नक्की झालंय. १९७४ साली सुरू झालेला हा महोत्सव बर्ड्‌स हिल प्रांतीय उद्यानात भरतो. मागे एकदाच, एका दिवसासाठी गेले होते. शेवटच्या रात्री कलाकार एकत्र मंचावर येतात आणि समोरचे हजारो लोक त्यांच्या सुरात सूर मिसळतात. मला परतीची बस गाठायची होती, म्हणून ते गाणं मी पाठमोरी, चालता चालता ऐकलं. ते अजून मनातून जात नाही. तंबूत राहिलेल्यांनी लिहा, तुम्ही कशाची वाट बघता?

*

ताई, मी सकाळची वाट बघतो. मुख्य मंचासमोर ताडपत्री अंथरायला लोक पहाटेपासून उभे असतात, आणि तिथेच अनोळखी माणसाशी गप्पा सुरू होतात. पण खरी मजा दिवसाच्या छोट्या मंचांवर. एकमेकांबरोबर कधीही न वाजवलेल्या तीन-चार कलाकारांना शेजारी शेजारी बसवतात. एक सुरुवात करतो, दुसरा जरा वेळ नुसता ऐकतो, मग हळूच एखादी तार छेडतो. तिसऱ्या गाण्यापर्यंत चौघं मिळून असं काही वाजवतात की ते पुन्हा कुठेच ऐकायला मिळणार नाही. मोठ्या नावांच्या मागे धावताना हे चुकवू नका. जुलैत तिथे रात्री साडेनवापर्यंत उजेड असतो, त्यामुळे दिवस लांबलचक वाटतो. डासांसाठी लांब बाह्यांचे कपडे घ्याच.

*

माझा अनुभव टेक्सासमधल्या केरव्हिलचा. १९७२ पासूनचा महोत्सव, चांगला अठरा दिवसांचा. फाटकात पाऊल टाकलं की 'वेलकम होम' म्हणून स्वागत होतं. पहिल्यांदा मला ते नुसतं बोलणं वाटलं होतं. मंचावरचा कार्यक्रम संपला की तंबूंमधून गाण्यांची वर्तुळं बसतात. ज्याची पाळी त्याने गायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. मी तीन रात्री पाळी पुढे सरकवली. चौथ्या रात्री स्वतः रचलेलं गाणं म्हटलं, दुसऱ्या कडव्यात शब्द विसरले. शेजारच्या वयस्कर गृहस्थांनी गिटारवर तीच चाल धरून ठेवली, शब्द आठवेपर्यंत. आता वर्षभर कुठलंही गाणं लिहिताना मला ते वर्तुळ दिसतं. तुम्ही गात नसाल तरी बसा. ऐकणाऱ्यांवाचून ती वर्तुळं भरत नाहीत.

*

वाद्य नेणाऱ्यांसाठी एकच, पण कळकळीने : उन्हात बंद गाडीत वाद्य ठेवू नका. व्हायोलिनचे जोड ज्या सरसाने चिकटवतात तो उष्णतेने सुटतो. माझ्या व्हायोलिनची एक कड अशीच उघडली आणि त्या वर्षी मी चार दिवस फक्त ऐकत बसलो. दुपारी तंबूसुद्धा भट्टीसारखा तापतो, वाद्य त्याच्या पेटीसकट सोबत घेऊन सावलीत बसा. रात्री गारवा आला की तारा पुन्हा जुळवाव्या लागतात, त्यात वैतागू नका.

*

आम्ही इंग्लंडच्या डेव्हनमधल्या सिडमथच्या महोत्सवाला मुलीला घेऊन जातो. १९५५ मध्ये तो लोकनृत्यांसाठी सुरू झाला, म्हणून तिथे नाच आजही गाण्याइतकाच मोठा. ती चार वर्षांची असताना रात्रभर पाऊस पडला आणि तंबूत एका कोपऱ्यातून पाणी आलं. कोरड्या बाजूला तिघं दाटीवाटीने बसलो होतो. पलीकडच्या तंबूत कोणी तरी अकॉर्डियन वाजवत होतं, पावसाच्या लयीत. मुलगी ऐकता ऐकता माझ्या मांडीवर झोपली. आता ती नऊची आहे आणि या वर्षी स्वतःची बासरी घेऊन येणार आहे. तंबू उतारावर लावा, खोलगट जागा टाळा, आणि कानात घालायचे बोळे विसरू नका, जागरण करणारे शेजारी पहाटेपर्यंत वाजवतात.

*

यंदा घरच्या आजारपणामुळे मला जाता येत नाहीये. ताई, शेवटचं गाणं सुरू झालं की पहिल्या कडव्यापासून म्हणा. माझ्याही वाटचं.

*

म्हणेन, नक्की. सगळ्यांचं वाचून झाल्यावर पहिलं काम केलं : परतीचं रविवारचं तिकीट बदलून सोमवार दुपारचं घेतलं.