जुन्या कोंबड्या खाऊनपिऊन वाळतायत, काळजावर (यकृतावर) पिवळ्या गाठी, हा टीबी असेल का?

देवरुखची_खुराडेवाली:
नमस्कार मंडळी, घरामागे आमच्या गावरान कोंबड्या आहेत, त्यातल्या दोन-अडीच वर्षांच्या ज्या जुन्या आहेत त्या एकेक करून वाळत चालल्यात. खायला सगळ्यात पुढे, दाणे टाकले की तुटून पडतात, पण अंगाला काही लागत नाही. उचलून घेतली की छातीचं हाड सुरीच्या पात्यासारखं बोटाला लागतं, दोन्ही बाजूचं मांस गेलेलंच. तुरा पांढुरका, अधूनमधून हगवण, आणि एक तर डाव्या पायाने लंगडते. मानमोडीची लस वेळेवर दिलीय आणि तरण्या तलंगांना काहीच नाही. परवा एक मेली ती मिस्टरांनी उघडून बघितली तर काळजावर पिवळट गाठी, ज्वारीपासून हरभऱ्याएवढ्या, आतड्यावर पण बाहेरून तशाच उठलेल्या. शेजारचे म्हणतात कोंबडीला टीबी झालाय. खरंच होतो का असा? घरात सासऱ्यांचं केमो चालू आहे, अंडी त्यांनाच देतो, म्हणून जीवाला घोर लागलाय.

माळावरचा:
ताई आधी जंताचं औषध द्या, माझ्याकडच्या अशाच वाळत होत्या त्या सुधारल्या. मरेक (कोंबड्यांचा विषाणूचा रोग) पण असू शकतो, त्यात पण लंगडतात नि काळजात गाठी येतात.

पशुवैद्य_सातारा:
जंतांनी वाळतात हे खरं, पण काळजावर गाठी जंतांनी सहसा येत नाहीत. मरेक बहुतेक कोवळ्या पक्ष्यांत, काही महिन्यांच्या वयात दिसतो, इथे तलंगा ठणठणीत आणि म्हाताऱ्या आजारी आहेत, म्हणून मला पक्ष्यांच्या क्षयाचाच दाट संशय येतोय. मायकोबॅक्टेरियम एव्हियम नावाचा जंतू, विष्ठेतून बाहेर पडतो आणि दाणापाण्यातून पोटात जातो, त्यामुळे गाठी आतडी, काळीज, पाणथरी (प्लीहा) आणि हाडाच्या मगजात होतात, फुफ्फुस बऱ्याचदा स्वच्छ असतं. लंगडणं हाडातल्या गाठींमुळे होतं. काळजातली गाठ सुरीच्या टोकाने आख्खी सुटून येते, ही एक खूण, पण नुसत्या डोळ्यांनी ठरवू नका कारण ल्युकोसिस (विषाणूमुळे होणारा गाठींचा रोग) किंवा ई-कोलाय जंतूच्या गाठी पण फसवतात. पुढची मेली तर हातमोजे घालून पिशवीत बांधा, बर्फात ठेवून (फ्रीझरमध्ये नको) पशुवैद्यकीय दवाखान्यात द्या, पुण्यात औंधला रोग अन्वेषण विभाग आहे तिकडे नमुना पाठवता येतो. झील-नील्सन रंगाने स्लाइडवर लाल काड्या दिसल्या की लवकर कळतं, कल्चरला (जंतू वाढवून बघायला) मात्र कित्येक आठवडे जातात.
व्यावसायिक लेयर (अंड्यांसाठी पाळलेल्या कोंबड्या) साधारण 72-80 आठवड्यांत काढून टाकतात म्हणून तिथे हा रोग क्वचित दिसतो, घरच्या कोंबड्या वर्षानुवर्षं जगतात आणि रोग मुरायला वेळ मिळतो.

देवरुखची_खुराडेवाली:
डॉक्टर खूप आभार. माणसांच्या टीबीच्या गोळ्या देऊन वाचतील का? लहानपणापासून वाढवलेल्यात हो. आणि सासऱ्यांना धोका कितपत?

पशुवैद्य_सातारा:
तुमचं वाईट वाटणं मला कळतं, पण गोळ्या देऊ नका. आयसोनायझिड या टीबीच्या नेहमीच्या औषधाला हा जंतू मुळातच दाद देत नाही, दोन-तीन औषधं मिळून कित्येक महिने द्यावी लागतात आणि तेवढा काळ ती कोंबडी विष्ठेतून जंतू टाकतच राहते. निदान पक्कं झालं की जुना सगळा कळप काढावा लागतो, आज बऱ्या दिसतात त्यासुद्धा. हे सांगायला मलाही जड जातंय.
माणसातला नेहमीचा टीबी वेगळ्या जंतूचा, तो कोंबडीकडून येत नाही, उलट पोपटाला कधीकधी माणसाकडून होतो. धडधाकट माणसाला एव्हियमचा धोका फार कमी, पण केमो, एचआयव्ही, स्टेरॉइड चालू असेल तर प्रतिकारशक्ती कमी असते, म्हणून सासऱ्यांना खुराड्याकडे अजिबात जाऊ देऊ नका, झाडलोट तोंडाला मास्क लावून दुसऱ्याने करायची, त्यांच्या कॅन्सरच्या डॉक्टरांच्या कानावरही घाला. अंड्यातून पसरणं हा मुख्य मार्ग नाही आणि नीट शिजवलं की जंतू मरतो, तरी त्यांना सध्या या कळपाची अंडी नकोतच.

गोठेवाला_कराड:
खुराड्याशेजारी गोठा असेल तर गुरांचं वैरण-पाणी कोंबड्यांपासून लांब ठेवा. गुरं क्वचितच आजारी पडतात पण टीबीची सुई टोचून तपासणी केली की सूज येते नि उगाच संशय येतो, म्हणून आमच्याकडे डॉक्टर गायीच्याच नाही तर पक्ष्यांच्या टीबीची पण सुई शेजारी टोचून दोन्ही सुजा मोजतात, म्हणजे सूज कुठल्या जंतूमुळे आली ते कळतं.

देवरुखची_खुराडेवाली:
उद्याच दवाखान्यात जाते. पावसाळा संपला की त्याच खुराड्यात नवीन पिल्लं सोडली तर चालेल का?

पशुवैद्य_सातारा:
नाही, हीच चूक सगळीकडे होते. मातीत हा जंतू वर्षानुवर्षं, अगदी चार वर्षंसुद्धा तग धरतो, चुना मारून लगेच जात नाही. लाकडी खुराडं आणि तूस जाळून टाका. नवीन पिल्लं घराच्या दुसऱ्या बाजूला, जिथे कधीच कोंबड्या चरल्या नाहीत तिथे ठेवा, वर जाळी मारा म्हणजे चिमण्या-कावळे दाण्यावर येणार नाहीत. आणि पुढच्या खेपेपासून दीड-दोन वर्षांच्या कोंबड्या आणि तलंगा एकत्र ठेवू नका.