लांब झूमचे कॅमेरे : वापरणाऱ्यांचे अनुभव (कोल्हापूर आणि आसपास)

ब्रिज कॅमेरा म्हणा, सुपरझूम म्हणा, नाहीतर दुकानात जाऊन 'चंद्रावरचे खड्डे दिसणारा दाखवा' म्हणा, माल एकच. लेन्स बदलायची सोय नाही, पण एकाच लेन्समध्ये २४ मिमीपासून ६००, १२००, २०००, अगदी ३००० मिमीपर्यंत पोच. असा कॅमेरा ज्यांच्या हातात आहे त्यांनी इथं लिहावं. 'फोटो एक नंबर येतात' एवढ्यावर सोडू नका. किती लांबून, किती शटरला (सेकंदाच्या कितव्या भागापुरता उघडला), किती आयएसओवर (सेन्सरची उजेड टिपायची संवेदनशीलता) आणि कुठं, ते लिहा. रंकाळ्याचा सकाळचा उजेड आणि दाजीपूरच्या झाडीतला उजेड यांत कॅमेरा बदलल्याइतका फरक पडतो.

सुरुवातीला एक हिशेब. खोक्यावरचा 'इतके पट' हा आकडा विसरा. लेन्सची खरी फोकल लांबी घ्या (वरचे २०००-३००० चे समतुल्य आकडे नव्हेत, लेन्सच्या तोंडावर छापलेली) आणि तिला त्या टोकाच्या एफ आकड्यानं भागा (एफ आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं तोंड जास्त उघडं). निकॉन पी९०० चे ३५७ भागिले ६.५, म्हणजे लेन्सचं उघडं तोंड साधारण ५५ मिमी. पी१००० चे ५३९ भागिले ८, म्हणजे ६७. कॅनन एसएक्स७० चे २४७ भागिले ६.५, म्हणजे ३८. सोनी आरएक्स१० मार्क ४ चे २२० भागिले ४, म्हणजे पुन्हा ५५. लांबच्या पक्ष्याकडून किती उजेड गोळा होणार आणि किती बारकावा टिकणार, हे बरंचसं या आकड्यावर ठरतं.

निकॉन पी९००

२०१५ चं मॉडेल, २४ ते २००० मिमी, वजन ९०० ग्रॅमच्या आसपास. रंकाळा आणि कळंब्यावरच्या पाणपक्ष्यांसाठी आजही पुरतं.

पूर्ण झूमला १०० मीटरवर चौकट साधारण १.७ मीटर रुंद आणि १.३ मीटर उंच असते. ४० मीटरवरचा वारकरी (काळा पाणपक्षी) चौकटीत झकास भरतो. लहान खंड्या मात्र १५-२० मीटरवर असेल तरच पिसं सुटी दिसतात, त्यापुढं निळा ठिपका.

आयएसओ ऑटो १००-४०० च्या पट्ट्यात बांधून टाका. १/२.३ इंचाच्या सेन्सरवर ८०० नंतर पिसांचा लगदा होतो, आणि या मॉडेलला रॉ (सेन्सरची कच्ची फाइल) नाही, त्यामुळं नंतर सुधारायला काही हातात राहत नाही. एफ ६.५ च ठेवा. बारकावा वाढेल म्हणून एफ ८ केलं तर उलट होतं: एवढ्या बारीक पिक्सेलवर विवर्तनानं (लहान छिद्रातून उजेड पसरल्यानं) फोटो आणखी मऊ पडतो, वर शटरही मंदावतो.

२००० मिमीला जुन्या नियमानं (एक भागिले मिमी) १/२००० शटर हवा. स्थिरीकरण ५ स्टॉपचं आहे (दर स्टॉपला शटरचा वेळ दुप्पट), म्हणजे कागदावर १/६० लाही चालावं. काठीवर निवांत बसलेल्या बगळ्याला १/१२५ ला चालतंही. पण मान हलवत पोहणाऱ्या पक्ष्याला १/५०० च्या खाली जाऊ नका. स्थिरीकरणानं फक्त आपल्या हाताची थरथर जाते. पांढऱ्या बगळ्याला एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) उणे ०.७ ते उणे १, नाहीतर अंगावरची पिसं सपाट पांढरी होतात.

पक्षी सापडत नाही ही सगळ्यांची तक्रार. लेन्सच्या डाव्या अंगाला झूम मागं घेणारं बटण आहे. ते दाबून धरलं की दृश्य रुंद होतं, पक्षी मधोमध आणायचा, सोडलं की परत होतं तिथं. हे बटण अंगठ्याला सवयीचं झालं नाही तर २००० मिमीचा काही उपयोग नाही.

केंदाळातल्या जांभळ्या पाणकोंबडीवर फोकस घेताना तो पुढच्या पानावर जाऊन बसतो. फोकसचा चौकोन सर्वांत लहान करा. तरीही नाही झालं तर तेवढ्याच अंतरावरच्या मोकळ्या दगडावर किंवा काठीवर फोकस घेऊन, बटण अर्धं दाबून ठेवून परत पक्ष्यावर या. आणि बर्स्ट, म्हणजे एका दाबात सलग निघणारे फोटो, ७ फोटोंचाच आहे. सेकंदाभरात संपतो, मग कार्डावर लिहून होईपर्यंत कॅमेरा गप्प. पंख उघडायच्या आधीच दाबून बसलात तर उडण्याचा क्षण गेला.

जीपीएसची नोंदवही चालू राहिली असेल तर कॅमेरा बंद असतानाही बॅटरी खाते. मेन्यूत जाऊन बंद करा.

पी९५०, वरच्याला जोडून

२०२० चा हा भाऊ, लेन्सची पोच तीच. वाढलं काय, तर रॉ, ४के व्हिडिओ, बरंच स्पष्ट व्ह्यूफाइंडर (डोळा लावून बघायची खिडकी) आणि वर हॉट शू (फ्लॅश बसवायची खाच). हॉट शूचा खरा फायदा फ्लॅश नाही, त्यावर लाल ठिपक्याचा नेमदर्शक बसतो तो. दोन्ही डोळे उघडे ठेवून ठिपका पक्ष्यावर नेला की २००० मिमीलाही पक्षी चौकटीत येतो. बसवल्यावर लांबच्या खांबाच्या टोकावर ठिपका आणि चौकटीचा मध्य जुळवून घ्या. जवळच्या वस्तूवर जुळवला तर लांब चुकतो.

घटलं काय, तर बॅटरी. पी९०० ला कंपनीच्या मोजणीनं ३६० फोटो, याला २९०. दाजीपूरच्या दिवसाला तीन बॅटऱ्या धरा. स्वस्तातल्या बिननावाच्या बॅटऱ्या फुगतात आणि खाचेत अडकून बसतात, तिथं पैसे वाचवू नका.

पी१०००, चंद्र आणि बाकीचं आभाळ

३००० मिमी ऐकायला नाद खुळा. पण पूर्ण झूमला पौर्णिमेचा अख्खा चंद्र चौकटीत धड मावत नाही, वरखाली कापला जातो. अख्खा हवा असेल तर २४००-२६०० वर थांबा. आणि खड्डे बघायला पौर्णिमा सर्वांत वाईट, कारण ऊन समोरून पडतं आणि सावल्याच नसतात. शुद्ध सप्तमी ते दशमी, उजेड-अंधाराच्या रेषेच्या कडेनं बघा.

आकडे: आयएसओ १००, एफ ८, पौर्णिमेला १/१२५ ते १/२५०, अष्टमीला १/३० ते १/६०. ऑटोवर ठेवलं तर काळं आभाळ बघून कॅमेरा चंद्राची पांढरी थाळी करून ठेवतो. चंद्र दोन-सव्वादोन मिनिटांत स्वतःच्या रुंदीएवढा सरकतो, म्हणून ट्रायपॉडवर नेम धरताना तो जिकडं सरकतो तिकडं थोडी जागा सोडा. ट्रायपॉडवर स्थिरीकरण बंद, सेल्फ टायमर चालू. पन्हाळ्यावर वारा असेल तर गळ्यातला पट्टा काढून ठेवा, तो फडफडला तरी फोटो हलतो.

कॅमेरा १.४ किलोचा आहे आणि झूम बाहेर आला की सगळा भार पुढं जातो. हलक्या ट्रायपॉडचं डोकं आवळलं तरी हळूहळू खाली झुकतं. डोक्याची भारक्षमता ४-५ किलो बघून घ्या.

पन्हाळ्यावरून कोल्हापूर शहर टिपायला म्हणून कुणी हा घेत असेल तर थांबा. साधारण २० किलोमीटरची हवा मध्ये असते. उन्हाळ्यात दहा वाजल्यानंतर सगळं झळांमध्ये वितळतं, आणि उसाच्या हंगामात साखर कारखान्यांची धुराडी, शेतात पेटवलेलं पाचट यांचा धूर. त्याला कुठलीही लेन्स उपाय नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरात पाऊस उघडल्यावरची सकाळ, तेवढीच काय ती मिळते. जोतिबाचा डोंगर जवळ आहे, तो इतर दिवशीही जमतो.

मावळत्या सूर्याबद्दल, थोडक्यात

सूर्यबिंबही आभाळात चंद्राएवढंच दिसतं, त्यामुळं झूमचा हिशेब तोच. पण ते तांबूस होऊन नुसत्या डोळ्यांना सहज बघवेल तेव्हाच कॅमेरा तिकडं न्या. वर असताना पूर्ण झूमला रोखलात तर आतली पाती आणि सेन्सर भाजू शकतो. अंबाबाईच्या देवळातल्या किरणोत्सवाच्या दिवसांत, म्हणजे ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी, रंकाळ्याच्या काठावर कॅमेरे बरेच दिसतात, म्हणून लिहिलं.

सोनी आरएक्स१० मार्क ४

फक्त ६०० मिमी, आणि किंमत बघून लोक म्हणतात हे कसलं सुपरझूम. पण सेन्सर १ इंचाचा, म्हणजे क्षेत्रफळात १/२.३ इंचीच्या चौपट, आणि ६०० ला एफ ४. दाजीपुरात पहाटे गवा झाडीच्या कडेला येतो तेव्हा पी९०० वाल्याला आयएसओ १६०० ला १/६० मिळत असेल, तर इथं तेवढ्याच आयएसओला १/१६० च्या आसपास मिळतो. शिवाय इथला १६०० वापरण्याजोगा असतो.

दुसरी बाजूही सांगतो. ६०० चा फोटो कापून २००० मिमीएवढा केला तर २० मेगापिक्सेलमधले १.८ उरतात. मोबाईलवर बघायला चालेल, भिंतीवर लावायला नाही. म्हणून भर उन्हात, तळ्याच्या मधोमध बसलेल्या पक्ष्याला पी९०० पुढं निघून जातो. शेकरू, गवा, जंगलातला कुठलाही प्राणी २०-४० मीटरवर असेल तर हा.

शाहू स्टेडियमवरच्या फुटबॉलला या यादीतला हा एकच कामाचा. बाकीच्यांचा फोकस कॉन्ट्रास्ट बघत पुढं-मागं शोधत राहतो, याला फेज डिटेक्शन आहे, म्हणजे फोकस कुठं न्यायचा ते न शोधता कळतं. शटर १/१०००, फोकस सलग, आणि लेन्सवरचा फोकसची मर्यादा ठरवणारा खटका ३ मीटर ते अनंतवर, म्हणजे पुढच्या रांगेतल्या डोक्यांवर फोकस भटकत नाही. सेकंदाला २४ फोटो निघतात, पण एक लांब रट्टा मारला की कार्डावर उतरायला वेळ लागतो आणि तेवढ्यात अर्धा मेन्यू बंद. छोट्या-छोट्या हप्त्यांत दाबा. झूम मोटरवर चालतो, म्हणून गोलपासून मैदानाच्या मध्यापर्यंत एका झटक्यात येत नाही. २००-३०० वर स्थिर ठेवून खेळ त्या चौकटीत येऊ द्यावा. रात्रीच्या कुस्तीच्या मैदानात काही दिव्यांखाली फोटोत आडवे पट्टे येतात. तिथं १/१०० शटर ठेवलं की जातात, मात्र पकडीतला झटका थोडा पुसट येणार.

कॅनन एसएक्स७०

६५ पट, २१ ते १३६५ मिमी, वजन ६१० ग्रॅम. दिवसभर गळ्यात वागवायला सगळ्यांत सुसह्य. रॉ आहे, पक्षी शोधायचं बटण आहे. उजेड कमी झाला की सर्वांत आधी हात टेकणाराही हाच, वरचा ३८ मिमीचा आकडा आठवा. कुटुंबासोबतच्या सहलीत पक्षीही टिपायचे असतील तर उत्तम, नुसत्या पक्ष्यांसाठी नाही.

खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिरात फोटो कसे काढावेत, असं कुणी विचारलं होतं

कोपेश्वराच्या भिंतीवरची उंचावरची शिल्पं पायथ्याशी उभं राहून २४ मिमीला काढली की डोकी लहान आणि पाय मोठे येतात. १५-२० मीटर मागं सरका आणि ३००-४०० मिमी लावा, मूर्ती सरळ उभी राहते. स्वर्गमंडपात मधल्या गोल झरोक्यातून ऊन पडतं आणि खांब अंधारात असतात. दोन्ही एका फोटोत धरायचा हट्ट करू नका, खांबावर स्पॉट मीटरिंग (फक्त तेवढ्या ठिपक्याचा उजेड मोजणं) घ्या. ट्रायपॉडला परवानगी लागते, म्हणून एफ आकडा जमेल तेवढा लहान आणि १/६०, कोपर पोटाशी टेकवून.

पाऊस, राख आणि बुरशी

या सगळ्या कॅमेऱ्यांचा कच्चा भाग एकच, बाहेर येणारी नळी. झूम करताना ती भात्यासारखी हवा आत ओढते आणि हवेबरोबर जे असेल तेही. आपल्याकडं हंगामात कारखान्याच्या परिसरात चिपाडाची काळी राख उडते, मैदानात तांबडी माती. अशा जागी झूम सारखा आत-बाहेर करू नका. नळी आत घेण्याआधी तिच्या कडेवरून मऊ ब्रश फिरवा, मगच बंद करा. आत गेलेला कण सेन्सरवर बसला तर लेन्स खोलल्याशिवाय निघत नाही.

'लेन्स एरर' बहुतेक वेळा तीन कारणांनी येतो. पिशवीत बटण दाबलं जाऊन नळी बाहेर यायला जागाच नसते. नळी बाहेर असताना धक्का बसतो. किंवा वाळूचा कण प्लास्टिकच्या दातेरी चाकात अडकतो. नळी हातानं ढकलू नका, दाते घसरले की लेन्सचा अख्खा संचच बदलावा लागतो आणि तो खर्च कॅमेऱ्याच्या किमतीच्या जवळ जातो. जड फिल्टर आणि जोडभिंगं पुढं अडकवणंही याच कारणानं टाळा.

पावसाळ्यात गगनबावडा, राधानगरीकडं नेणार असाल तर यांतल्या बहुतेकांना पाण्यापासून संरक्षण नाही. पॅनासॉनिक एफझेड३०० ला आहे, तेही शिंतोड्यांपुरतं. त्याची पोच ६०० मिमीची, पण शेवटपर्यंत एफ २.८. ढगाळ हवेत ते फार कामाला येतं.

घरी आल्यावर ओला कॅमेरा पिशवीत कोंबून ठेवणं म्हणजे बुरशीला आमंत्रण. झाकण घट्ट बसणारा डबा, त्यात २००-३०० ग्रॅम सिलिका जेल आणि एक आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांत राहिला पाहिजे. निळ्या दाण्यांचा रंग गुलाबी झाला की कढईत मंद आचेवर परतून पुन्हा निळे करायचे, मात्र ती कढई नंतर स्वयंपाकाला नको. दाणे वाजवीपेक्षा जास्त घालून काटा ३० च्या खाली नेऊ नका, रबर कडक होतं.

जुना घेताना

बाजारात जुने बरेच फिरतात. दुकानात किंवा विकणाऱ्याच्या घरी एवढं बघाच.

झूम २४ पासून शेवटपर्यंत आणि परत, सलग पाच-सहा वेळा. मध्येच आवाज बदलला किंवा नळी अडखळली तर सोडून द्या. मोबाईलचा टॉर्च लेन्सवर तिरका मारा, कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी. स्वच्छ आभाळाचा किंवा पांढऱ्या भिंतीचा फोटो एफ ८ ला, झूमच्या दोन-तीन टप्प्यांवर. ठिपका प्रत्येक फोटोत त्याच जागी येत असेल तर सेन्सरवर कण आहे. मग सपाट विटांच्या भिंतीचा फोटो काढा आणि चारही कोपरे मोठे करून बघा. एकच कोपरा धूसर असेल तर कधीतरी कॅमेरा पडून लेन्स तिरकी झालेली असते.

फिरणारा पडदा उघडून पूर्ण फिरवा, फिरवताना चित्र लुकलुकलं तर आतली पट्टी जात आलीय. व्ह्यूफाइंडरला डोळा लावल्यावर आपोआप बदलतो का बघा. शेवटी मेन्यूत डिजिटल झूम बंद करा आणि मगच पूर्ण झूमचा फोटो घ्या. विकणारा बऱ्याचदा तो चालू ठेवूनच 'एवढं लांबचं येतंय' म्हणून दाखवतो.