मदत हवी आहे: एनपीव्हीचं उत्तर जुळत नाही, सोमवारी पेपर

जुळतच_नाही (शनिवार, संध्याकाळी ७:४०)
दोन तास झाले एकाच गणितावर बसलेय. एमबीए, दुसरं सेमिस्टर, कॅपिटल बजेटिंग. एनपीव्ही काढायचाय, म्हणजे पुढं येणाऱ्या पैशांची आजची किंमत वजा आज घातलेले पैसे; अधिक आला तर मशीन घ्यायचं. सोमवारी सकाळी पेपर.
मशीन १० लाख, आयुष्य ५ वर्षं, भंगार किंमत शून्य, घसारा सरळ रेषेनं (म्हणजे मशीनची किंमत दरवर्षी सारखीच कमी धरायची), वर्षाला ३ लाखांची बचत, पुढचे पैसे आजच्या किमतीत आणायचा दर १० टक्के. माझं उत्तर उणे २६,४३०. पुस्तकाच्या मागं अधिक ४,६२०. म्हणजे मी म्हणतेय मशीन घेऊ नका आणि पुस्तक म्हणतंय घ्या. तीनदा केलं, तेच येतंय. छपाईची चूक आहे का? बी.एस्सी.ला केमिस्ट्री होती माझी, कॉमर्सचा गंध नाही. आज पाण्याची पाळी आहे, नऊला नळ येतो, त्याच्या आत कुणीतरी सांगा प्लीज.

कडक_भाकरी (७:५२)
भावा, पायऱ्या टाक. नुसत्या उत्तरावरून आम्ही काय ओळखायचं?

एक्सेलप्रेमी (७:५५)
हाताने कशाला करतोस? एक्सेल उघड, एनपीव्हीचं फंक्शन आहे, दहा सेकंदांचं काम. २०२६ मध्ये कोण तक्ते बघतं?

जुळतच_नाही (७:५८)
भावा नाही, ताई. आणि परीक्षेत एक्सेल देणार आहेत का मला?

कडक_भाकरी (८:०३)
सॉरी ताई. तुम्ही दिलेल्या आकड्यांवर मी केलं. ५ वर्षांचा १० टक्क्यांचा एकत्रित गुणक (पाच वर्षं दरवर्षी एक रुपया आला तर त्यांची आजची किंमत) ३.७९१. तीन लाख गुणिले ३.७९१ म्हणजे ११,३७,३००. त्यातून दहा लाख वजा, उरले १,३७,३००. म्हणजे तुमचंही चूक आणि पुस्तकाचंही.

आर्टिकलशिप_चालू (८:०६)
थांबा जरा. सरळ रेषेचा घसारा दिलाय म्हणजे कर असणारच. कर नसेल तर घसाऱ्याचं काम काय? घसारा काही खिशातून जात नाही, तो फक्त कर वाचवतो. कराचा दर काय दिलाय? आणि ३ लाख हे कर आणि घसाऱ्याच्या आधीचे की नंतरचे?

जुळतच_नाही (८:०९)
कर ३० टक्के, तो तर असतोच ना. ३ लाख आधीचे.

आर्टिकलशिप_चालू (८:१४)
'असतोच' नाही ताई, लिहावं लागतं.
३ लाखांतून २ लाख घसारा वजा, उरला १ लाख. त्यावर कर ३० हजार, नफा ७० हजार. आता घसारा परत मिळवायचा, कारण तो रोख गेलेलाच नाही. म्हणजे हातात २,७०,०००. गुणिले ३.७९१ = १०,२३,५७०. एनपीव्ही २३,५७०.
बाकी प्रत्यक्षात आयकरात असं नसतं हं. सर्वसाधारण यंत्रांना १५ टक्के घसारा, तोही घटत्या शिल्लकीवर आणि गटाच्या हिशेबानं. सरळ रेषेचा घसारा हे पुस्तकातलं सुख.

कडक_भाकरी (८:१७)
पण २३,५७० सुद्धा दोघांशी जुळत नाही की.

लेजर_काका (८:२१)
नमस्कार. मी ३१ वर्षं बँकेत होतो, त्यातली बरीच कर्ज विभागात. आपण सगळे एक मोठी गोष्ट विसरत आहात. हे १० लाख आणले कुठून? कर्ज काढलं असेल तर व्याज वजा करायला नको का? प्रश्नात कर्जाचा उल्लेख आहे का, तो पाहावा.

जुळतच_नाही (८:२४)
हो आहे. 'कंपनी हे मशीन १२ टक्क्यांच्या कर्जातून घेणार आहे' असं आहे. पण ते मी सोडून दिलं. सोडायचं नव्हतं का???

आर्टिकलशिप_चालू (८:२६)
बरोबर सोडलंत. व्याज वजा करायचं नाही. आपण १० टक्क्यांनी जे वटवतोय ना, म्हणजे पुढचे पैसे आजच्या किमतीत आणतोय, त्यातच पैशाचं भाडं आलं. व्याज वरून परत वजा केलं तर एकाच पैशाचं भाडं दोनदा दिल्यासारखं. परीक्षक ते वाक्य मुद्दाम टाकतात, कोण फसतंय बघायला.

लेजर_काका (८:३१)
क्षमस्व, पण हे पटत नाही. माझ्यासमोर कारखानदार बसला की मी त्याला पहिलं विचारायचो की हप्ता आणि व्याज भागवून काय उरतं. डीएससीआर, म्हणजे मिळकत हप्ता-व्याजाच्या किती पट आहे ते, दीडच्या खाली असेल तर मी फाईल पुढे सरकवत नसे. व्याज विसरून प्रकल्प चांगला म्हणणं म्हणजे भाडं विसरून दुकान फायद्यात म्हणण्यासारखं आहे.

आर्टिकलशिप_चालू (८:३४)
काका, तुम्ही कर्ज देणाऱ्याच्या खुर्चीत बसला होतात, तिथे तो हिशेब बरोबरच. इथे प्रश्न मशीन चांगलं का, एवढाच आहे. पैसा कुणाचा हा नंतरचा.

लेजर_काका (८:३६)
पैसा कुणाचा हा कधीच नंतरचा प्रश्न नसतो, बाळ.

हिशेबी_मावशी (८:४१)
भांडू नका रे, तिचा नळ यायचाय.
मी एक उलटं केलं. पुस्तकाचं उत्तर आणि हिचं उत्तर यांतला फरक काढला. ४,६२० आणि उणे २६,४३०, फरक ३१,०५०. पाचव्या वर्षाचा १० टक्क्यांचा गुणक ०.६२१. ३१,०५० भागिले ०.६२१ बरोब्बर ५०,०००. इतकं गोल उत्तर उगाच येत नाही.
जुळतच_नाही, तुझ्या प्रश्नात ५० हजारांचं खेळतं भांडवल कुठे दडलंय का बघ.

जुळतच_नाही (८:४४)
हो आहे! 'मशीनमुळे ५०,००० रुपयांचे जादा खेळते भांडवल लागेल.' ते मी सुरुवातीलाच १० लाखांत मिळवून १०,५०,००० धरलेत. म्हणून तर २३,५७० चे उणे २६,४३० झाले.

कडक_भाकरी (८:४५)
अहो ताई, हे पहिल्या पोस्टमध्ये का नाही सांगितलंत? अर्धा तास आम्ही इथे दगड फोडतोय.

जुळतच_नाही (८:४६)
मला वाटलं ते महत्त्वाचं नाही, मी तर बरोबर वजा केलं होतं ना.

हिशेबी_मावशी (८:५०)
वजा बरोबर केलंस, परत घ्यायला विसरलीस. खेळतं भांडवल म्हणजे काय, तर सूत आणून ठेवलं, गोदामात माल पडला, गिऱ्हाइकाकडं उधारी राहिली. पाच वर्षांनी मशीन बंद केलं की सूत संपतं, माल विकला जातो, उधारी वसूल होते. पन्नासचे पन्नास हजार पाचव्या वर्षाच्या शेवटी हातात. त्यावर घसारा नाही, कर नाही. फक्त पाच वर्षं अडकले म्हणून त्यांची आजची किंमत ३१,०५०.
दोन ओळी वाढव, जुळेल.

जुळतच_नाही (८:५३)
१०,२३,५७० + ३१,०५० − १०,५०,००० = ४,६२०. मावशी!!!! जुळलं!!!
पण परत येतं असं प्रश्नात लिहिलेलंच नाही ना. मी कसं ओळखायचं?

हिशेबी_मावशी (८:५५)
उलट काही लिहिलं नसेल तर परत येतं असंच धरायचं. आणि उत्तरपत्रिकेत एक ओळ लिहायची: 'खेळते भांडवल शेवटी पूर्ण परत मिळेल असे गृहीत धरले आहे.' आम्ही शिकत होतो तेव्हा गृहीतक लिहिलं नाही की मार्क कापायचे. जा आता, पाणी भर.

टॉवेलवाला_एमआयडीसी (९:०२)
काय करलालाव बे तुमी सगळे. सगळं वाचलं. अक्कलकोट रोडला आमचे लूम आहेत, वडलांपासून. पाच वर्षांनी उधारी वसूल होते हे कुणी सांगितलं मावशी? माल जातो, ९० दिवस म्हणून जातो, दोनशे दिवसांनी चेक येतो, तो पण 'साहेब थोडं कमी करा' म्हणून. आमच्यात एकच हिशेब. किती टाकले, वर्षाला किती आले, किती वर्षात सुटले. साडेदहा लाख भागिले दोन सत्तर, पावणेचारच्या वर, म्हणजे चार वर्षं धरा. चार वर्षात डिझाइन बदलतं, गिऱ्हाईक बदलतं. मी असलं मशीन घेणार नाही. एनपीव्ही गेला उडत.

आर्टिकलशिप_चालू (९:०७)
'किती वर्षात सुटले' या तुमच्या परतफेड-काळाच्या पद्धतीत पाचव्या वर्षाचं येणं मोजलंच जात नाही, आणि पहिल्या वर्षाचा रुपया नि चौथ्या वर्षाचा रुपया सारखाच धरता तुम्ही. ही त्या पद्धतीची जुनी खोट आहे.

टॉवेलवाला_एमआयडीसी (९:०९)
पाचव्या वर्षाचं मी मोजत नाही कारण ते मला दिसलेलं नाही. तुला दिसलंय का?

एक्सेलप्रेमी (९:१२)
मी एक्सेलमध्ये टाकलं. उत्तर ४,१४४ येतंय. पुस्तकही चूक आहे.

हिशेबी_मावशी (९:१६)
पुस्तक नाही रे बाबा, तू. सुरुवातीचे साडेदहा लाख पण फंक्शनच्या आत कोंबलेस ना? ते फंक्शन पहिली रक्कम एका वर्षानंतरची समजतं, म्हणून सगळंच एक वर्ष मागं वटवलं गेलं. पाच वर्षांचं येणं आत ठेव, सुरुवातीची रक्कम बाहेरून वजा कर.

एक्सेलप्रेमी (९:१९)
आता ४,५५८ येतंय. तरी ४,६२० नाहीच.

हिशेबी_मावशी (९:२१)
तक्त्यात तीनच दशांश आहेत. ३.७९०७९ चं ३.७९१ झालं की २ लाख ७० हजारांवर तेवढं हलतंच. परीक्षेत तक्त्याचंच लिहायचं.

कडक_भाकरी (९:२४)
तक्ता मिळाला नाही तर साध्या कॅल्क्युलेटरवर: १ भागिले १.१, मग बरोबरचं बटण पाच वेळा दाबायचं. पाचव्यांदा ०.६२०९ दिसतं. नंतर जीटी दाबलं की पाचांची बेरीज, ३.७९. माझ्या मित्राला हे पेपर झाल्यावर कळलं, तो दोन दिवस जेवला नाही.

स्पर्धा_परीक्षा_सोलापूर (९:३०)
एमबीए करून सोलापुरात पगार काय मिळतो हे आधी बघा. त्यापेक्षा सीएमए (कॉस्ट अकाउंटंट) करा नाहीतर बँकिंगची तयारी. हुतात्मा एक्स्प्रेस पकडून पुण्याला गेल्याशिवाय काही होत नाही, हे माझं स्पष्ट मत.

कडक_भाकरी (९:३२)
हे कुणी विचारलं होतं?

लेजर_काका (९:३८)
टॉवेलवाले, आपण म्हणता ते खरं आहे. पण २०२३ च्या वित्त कायद्यानंतर सूक्ष्म आणि लघु उत्पादकाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत दिले नाहीत, तर घेणाऱ्याला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत करात धरता येत नाही. लेखी करार नसेल तर मुदत १५ दिवसच. आपल्याला त्याचा फायदा झाला असेल.

टॉवेलवाला_एमआयडीसी (९:४३)
झाला की. एका जुन्या गिऱ्हाइकानं फोन करून विचारलं, 'शेठ, तुमची लघुउद्योगाची उद्यम नोंदणी रद्द करता येते का?' मी नाही म्हटलं, तर त्यानं ऑर्डर अर्धी केली. फायदा.

जुळतच_नाही (१०:२०)
पाणी भरून आले. टाकी, दोन पिंपं, कळश्या, सगळं. पाईप धरल्या धरल्या टॉवेलवाले दादांचं डोक्यात घोळत होतं. समजा ५० हजारांतले ३५ हजारच परत आले, १५ हजार बुडाले, तर? ३५,००० × ०.६२१ = २१,७३५. मग १०,२३,५७० + २१,७३५ − १०,५०,००० = उणे ४,६९५. म्हणजे मशीन नको! नुसत्या १५ हजारांच्या उधारीवरून उत्तर उलटं झालं. मग उलटं पण काढून बघितलं: २६,४३० भागिले ०.६२१, साधारण ४२,५६०. एवढे तरी परत यायलाच पाहिजेत, नाहीतर तोटा. बरोबर आहे का हे?

आर्टिकलशिप_चालू (१०:२६)
जवळजवळ. बुडीत उधारी खर्ची टाकली की त्यावर कर वाचतो. १५ हजारांचे ३० टक्के साडेचार हजार, त्याची आजची किंमत २,७९५ च्या आसपास. म्हणजे तोटा सुमारे १,९०० चा. पण तरी उणेच.

टॉवेलवाला_एमआयडीसी (१०:२९)
बघा, मी काय म्हणत होतो. मशीन नकोच. तक्ता न बघता सांगितलं होतं.

हिशेबी_मावशी (१०:३३)
तुम्ही मशीन नको म्हणालात चार वर्षं लागतात म्हणून. तिनं नको म्हटलं ते उधारी बुडते म्हणून. कारण वेगळं आहे हो.
आणि बाळा, पेपरात हे लिहू नकोस. पेपरात पन्नासचे पन्नास परत येतात.

जुळतच_नाही (१०:३५)
हो मावशी. उद्या लीजचं प्रकरण वाचणार आहे, अडलं तर नवा धागा काढते.

कडक_भाकरी (१०:३६)
या वेळी प्रश्न पूर्ण लिहा फक्त.

लूम_जुने_नवे (११:१४)
वरचं सगळं वाचलं नाही. १० लाखांचं मशीन कुठल्या कंपनीचं आहे आणि कुठं मिळतंय? आमच्याकडं जुना रॅपिअर लूम आहे, चालू स्थितीत, विकायचाय. ताईंना हवा असेल तर कळवा.

जुळतच_नाही (११:२०)
दादा, ते मशीन पुस्तकात आहे. पान १८७.