मासे सोडले तर प्रथिनं कुठून?

‘कोकणात राहून मासे सोडले तर प्रथिनं कुठून मिळणार?’ हा प्रश्न रास्त आहे, पण उत्तर आपल्याच घरात आहे. १०० ग्रॅम कुळथात साधारण २२ ग्रॅम प्रथिनं असतात. आमच्याकडे मालवणात गरमागरम कुळथाची पिठी (कुळथाच्या पिठाचं पातळ पिठलं), वर ठेचलेल्या लसणीची फोडणी, दोन आमसुलं आणि सोबत उकड्या तांदळाचा भात. पोट कसं भरून जातं! शिवाय काळ्या वाटाण्याचं सांबारं, चवळी, पावसात टाकळ्याची पालेभाजी. खोबऱ्याचं वाटण मात्र हात राखून घाला, त्यातली चरबी बहुतांश संपृक्त (सॅच्युरेटेड) असते. आणि कळकळीने सांगते, बी१२ जीवनसत्त्व वनस्पतींतून मिळत नाही. त्याची गोळी डॉक्टरांना विचारून घ्याच. मधुमेहाचं औषध चालू असेल तर आहार बदलताना साखर वरचेवर तपासा, डोस परस्पर कमी करू नका.