फोनवरची ऑर्डर, संमतीपत्रावरची सही आणि नर्सचं नाव: कायद्यानं नेमकं काय लागू होतं?

रामबाग_इंदूर

इंदूरमधल्या 60 खाटांच्या खासगी हॉस्पिटलात नव्या सिस्टरांसाठी कायदा आणि नीतिशास्त्रावर दोन तासांचं सत्र तयार करतेय. ऐकणाऱ्यांपैकी निम्म्या जळगाव-भुसावळ आणि बुऱ्हाणपूरकडच्या, बाकी इथल्याच. स्वायत्तता, हित, अपाय टाळणं आणि न्याय ही चार तत्त्वं सगळ्यांनी परीक्षेला घोकलेली आहेत. ती पुन्हा फळ्यावर लिहून काही साधत नाही. मला हवंय ते रात्री अडीच वाजता उपयोगी पडणारं.

फोनवर ऑर्डर घेतली, औषध दिलं आणि सकाळी डॉक्टर फाइलवर सही न करताच गेले तर? ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी "सिस्टर, जरा सही घेऊन ठेवा" म्हणून फॉर्म हातात दिला, तर त्यावर साक्षीदार म्हणून नर्सची सही म्हणजे काय? "डॉक्टरांनी सांगितलं म्हणून दिलं" हे कोर्टात चालतं का? आणि महाराष्ट्रात नोंदणी असलेल्या मुलीनं इथे ड्यूटी सुरू केली तर?

कलमांची जंत्री नको. जिथे लागेल तिथे आकडा मात्र बरोबर द्या.

नाइट_इनचार्ज

फोनच्या ऑर्डरपुरतं लिहिते.

ती कधी घ्यायची नाही हे आधी शिकवा. डॉक्टर वॉर्डातच उभे आहेत, पेशंट स्थिर आहे, तर तोंडी ऑर्डर नाही, लिहूनच घ्यायची. केमोथेरपी फोनवर कधीच नाही.

घ्यावीच लागली तर बोलायला सुरुवात तुम्ही करायची: पेशंटचं पूर्ण नाव, यूएचआयडी (हॉस्पिटलनं पेशंटला दिलेला ओळख) नंबर, ॲलर्जी, आत्ताचे व्हायटल्स (नाडी, बीपी, श्वास), संबंधित रिपोर्ट. झोपेतून उठलेल्या माणसाला "बेड नंबर 9" एवढंच सांगितलं तर तो कालच्या 9 नंबरवाल्याची ऑर्डर देईल. मग ऐकता ऐकता लिहायचं, फोन ठेवल्यावर आठवून नाही. लिहिलेलं वाचून दाखवायचं आणि पलीकडून "बरोबर" असं ऐकायचं.

आकडा दोनदा म्हणायचा, एकदा पूर्ण आणि एकदा सुटे अंक: "पंधरा, एक-पाच". आपल्याकडे तर हे जास्तच हवं, कारण ऑर्डर हिंदीत येते आणि कान मराठी असतो. "सात" आणि "साठ" फोनवर जवळजवळ सारखेच. इन्सुलिनचे 7 युनिट आणि 60 युनिट यांत मात्र पेशंट जातो. "उनचास" ऐकून मनात एकोणपन्नास यायला क्षणभर लागतो, "उनसठ"चं तर विचारूच नका. सुटे अंक म्हटले की हा घोळ संपतो.

"एक ॲम्प्यूल", "अर्धी व्हायल" हा डोस नव्हे. पोटॅशियम क्लोराइडची 15 टक्क्यांची 10 मिलीची ॲम्प्यूल म्हणजे 20 मिलीइक्विव्हॅलंट (क्षाराची मात्रा मोजायचं एकक). ती शिरेतून थेट ढकलली तर हृदय थांबतं. पातळ करूनच द्यायची, आणि हातातल्या साध्या शिरेतून तासाला साधारण 10 मिलीइक्विव्हॅलंटच्या वर जायचं नाही. म्हणून किती मिलीइक्विव्हॅलंट, किती मिली सलाइनमध्ये आणि किती तासांत, ही तिन्ही उत्तरं आल्याशिवाय ती ऑर्डर पुरी झालेली नाही. इन्सुलिनमध्येही तसंच. आपल्याकडे मिलीला 40 युनिटची व्हायल आणि मिलीला 100 युनिटचं औषध दोन्ही फ्रिजमध्ये असतं. 100 युनिटचं औषध 40 च्या सिरिंजनं खुणेप्रमाणे भरलं तर डोस अडीच पट होतो.

नोंदीत तारीख, 24 तासांच्या घड्याळातली वेळ, ऑर्डर शब्दशः, देणाऱ्याचं नाव, "फोनवर घेतली, वाचून दाखवली", आणि तुमचं नाव व सही. दुसरी सिस्टर स्पीकरवर ऐकत असेल तर तिचीही.

सकाळी सही राहिली तर? मुदत हॉस्पिटलच्या धोरणात लिहिलेली असते, बहुतेक ठिकाणी 24 तास. "हो जाएगा भिया" म्हणत ती टळत राहते. दर वेळी आठवण केल्याची वेळ लिहा, मुदत उलटली की नर्सिंग सुपरिंटेंडेंटना लेखी कळवा. डॉक्टरांची आद्याक्षरं स्वतः ठोकून फाइल "पूर्ण" करणं हा मात्र खोटा दस्तऐवज झाला. तो गुन्हा त्या ऑर्डरशी संबंधित नाही, तुमच्याशी आहे.

काळा_कोट

"सांगितलं म्हणून दिलं" अर्धंच चालतं. कुठे चालतं ते पाहा.

भरपाईचा दावा बहुधा ग्राहक आयोगात येतो. वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते हे सर्वोच्च न्यायालयानं 1995 मध्येच व्ही. पी. शांता प्रकरणात ठरवलं, आता 2019 चा कायदा लागू आहे. तिथे नोकराच्या चुकीला मालक, म्हणजे हॉस्पिटल, जबाबदार धरलं जातं. पैसे सहसा तेच भरतं, नर्सला प्रतिपक्ष केलं असलं तरी.

फौजदारीत असं कुणी कुणाच्या वतीनं उभं राहत नाही. ज्यानं हातानं केलं त्याचं त्यानं पाहायचं. कसोटी अशी की त्याच प्रशिक्षणाची साधारण नर्स त्या जागी हे करती का? पातळ न करता, न विचारता पोटॅशियम ढकलणारी "ऑर्डर होती" म्हणून सुटत नाही, कारण ती ऑर्डर चुकीची आहे हे तिला प्रशिक्षणानं माहीत असायला हवं. पण हेही तितकंच खरं की प्रत्येक चूक गुन्हा नव्हे. जेकब मॅथ्यू निकालात (2005) सर्वोच्च न्यायालयानं फौजदारीसाठी निष्काळजीपणा ढोबळ, गंभीर असावा लागतो असं म्हटलं आणि आरोप पुढे नेण्याआधी स्वतंत्र वैद्यकीय मत घ्यायला सांगितलं. त्या सूचना डॉक्टरांच्या संदर्भात आहेत, नर्सच्या बाजूनंही त्या मांडता येतात.

त्या खटल्याचं मूळ सत्रात जरूर सांगा: श्वास अडकलेल्या पेशंटला लावलेला ऑक्सिजनचा सिलिंडर रिकामा निघाला होता. बी टाइपच्या भरलेल्या सिलिंडरात साधारण 1500 लिटर असतात, मिनिटाला 10 लिटरनं अडीच तास. काटा एक तृतीयांशावर असेल तर पन्नास मिनिटंच. शिफ्ट घेताना काटा पाहून आकडा रजिस्टरमध्ये लिहिला, तर ती तुमची सगळ्यात स्वस्त वकिली.

नवीन_स्टाफ

म्हणजे मृत्यू झालाच तर नर्सलाही डॉक्टरांसारखीच जास्तीत जास्त दोन वर्षं ना?

काळा_कोट

नाही, आणि हेच बऱ्याच हॉस्पिटलांत चुकीचं सांगितलं जातं. जुन्या भारतीय दंड संहितेच्या 304-अ मध्ये सगळ्यांना दोन वर्षंच होती. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचं कलम 106(1) लागू आहे. त्यात निष्काळजीपणानं मृत्यूला पाच वर्षांपर्यंत शिक्षा. दोन वर्षांची सवलत वैद्यकीय प्रक्रिया करणाऱ्या "नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिका"ला, आणि त्याची व्याख्या कलमातच आहे: राष्ट्रीय किंवा राज्य वैद्यकीय नोंदवहीत नाव असलेला. नर्सचं नाव नर्सिंगच्या नोंदवहीत असतं. शब्दशः वाचलं तर तिला पाच.

ओटी_सिस्टर

संमतीपत्राकडे येते, कारण इथे सिस्टरांना सगळ्यात जास्त वापरलं जातं.

समजावून सांगणं हे प्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरचं काम. साक्षीदार म्हणून नर्स सही करते तेव्हा ती एवढंच म्हणत असते: याच माणसानं माझ्यासमोर सही केली, तो शुद्धीत होता, जबरदस्ती दिसली नाही. धोके समजावले गेले, असं ती म्हणत नसते. म्हणून डॉक्टरांची सही आणि वेळ आधी, पेशंटची नंतर, तुमची शेवटी. कोऱ्या फॉर्मवर "नाव नंतर भरू" असेल तर सही नाहीच. मिडॅझोलाम (गुंगीचं औषध) दिल्यावर घेतलेल्या सहीचं बाजूच्या औषधाच्या चार्टवरची वेळच वाटोळं करते, वकिलाला फार शोधावं लागत नाही.

सही घेण्याआधी एकच प्रश्न विचारा: "काका, उद्या तुमचं काय करणार आहेत, मला सांगा बरं." "पोटात काहीतरी" असं उत्तर आलं तर फॉर्म बाजूला ठेवा, डॉक्टरांना फोन करा, आणि फोन केल्याचं लिहा. आता भाषा. फॉर्म इंग्रजी किंवा हिंदीत आणि जेल रोडच्या वाड्यातल्या आजी फक्त मराठी, किंवा धारकडचा पेशंट फक्त निमाडी बोलणारा. ज्यानं उलगडून सांगितलं त्याचं नाव आणि भाषा फॉर्मवर यायला हवी. शक्यतो तो नातेवाईक नसावा. नातेवाईक गाळून सांगतात.

सज्ञान, शुद्धीतल्या पेशंटची सही त्याचीच. समीरा कोहली निकालात (2008) तपासणीपुरत्या लॅपरोस्कोपीच्या (दुर्बिणीनं पोट पाहण्याच्या) संमतीवर, भूल दिलेली असताना, आईला विचारून गर्भाशय काढलं गेलं होतं. न्यायालयानं ती संमती मानली नाही: पेशंट सज्ञान होती, शुद्धीवर येईपर्यंत थांबता येत होतं. गर्भपातालाही 1971 च्या कायद्याप्रमाणे सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरते. नवऱ्याच्या सहीची जागा हॉस्पिटलनं फॉर्मवर छापली असेल तर ती हॉस्पिटलची हौस. जीव धोक्यात आहे, पेशंट बेशुद्ध आहे आणि कुणीच मिळत नाही, तेव्हा भारतीय न्याय संहितेचं कलम 30 सद्हेतूनं केलेल्या उपचाराला संरक्षण देतं. तिथे दोन डॉक्टरांची नोंद आणि कुणाला, किती वाजता फोन लावले ते लिहा.

आणि फॉर्मच्या तळाशी "काही झाल्यास हॉस्पिटल जबाबदार नाही" ही ओळ असते ना? निष्काळजीपणा झाला तर तिला काडीचीही किंमत नाही. डामाच्या (सल्ल्याविरुद्ध डिस्चार्जच्या) कागदावरही तीच गोष्ट. पेशंट सल्ल्याविरुद्ध जातोय म्हणून सही घेतली, पण जाताना औषधं, धोक्याची लक्षणं, परत कधी यायचं हे सांगितल्याची नोंद नसेल तर कागद लंगडा आहे.

बुऱ्हाणपूरकर

नोंदणीचं थोडक्यात. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी म्हणजे तिथली. इथे काम करायला मध्य प्रदेश नर्सेस रजिस्ट्रेशन कौन्सिलची, भोपाळची, नोंदणी लागते. महाराष्ट्रातून ना-हरकत आणि पडताळणी मागवून इथे अर्ज. अर्जाची पावती म्हणजे नोंदणी नव्हे, आणि सिस्टरनं ड्यूटी यादीत नाव लागण्याआधी हे स्वतः पाहावं. एचआर पाहतं असं समजू नका.

खरी अडचण नावाची असते. मार्कशीटवर आडनाव, नाव, वडिलांचं नाव. आधारवर लग्नानंतरचं आडनाव. कौन्सिलच्या पोर्टलवर भलतंच. एनआरटीएसच्या (नर्सेसच्या नोंदणीची राष्ट्रीय ऑनलाइन व्यवस्था) राष्ट्रीय ओळख क्रमांकातही तेच नाव जुळावं लागतं. विवाह नोंदणीचा दाखला आणि प्रतिज्ञापत्र तयार ठेवा, आणि आधी नाव सरळ करा, मग अर्ज. 1947 च्या भारतीय नर्सिंग कौन्सिल कायद्याच्या जागी 2023 चा राष्ट्रीय नर्सिंग आणि मिडवायफरी आयोग कायदा झाला आहे, पण त्यामुळे राज्याची नोंदवही संपत नाही.

रामबाग_इंदूर

फार कामाचं. दोन राहिलेले प्रश्न. ऑर्डर चुकीची वाटली तर नकार कसा द्यायचा, वाद न होता? आणि मुलगा म्हणतो "बाबांना कॅन्सर सांगू नका", बाबा मला विचारतात, तेव्हा?

नाइट_इनचार्ज

नकार असा शब्द वापरूच नका. "सर, क्रिएटिनिन 3.1 आहे, या डोसवर खात्री करून घेते" म्हणा (क्रिएटिनिन म्हणजे मूत्रपिंडाचं काम दाखवणारा रिपोर्ट). उत्तर पटलं नाही तर औषध रोखून ठेवा, ड्यूटी डॉक्टर, मग कन्सल्टंट, मग सुपरिंटेंडेंट, या क्रमानं वर जा. मधल्या वेळात पेशंटकडे लक्ष. नोटमध्ये "डॉक्टरांनी हट्ट केला" असलं काही नाही, फक्त काय, कधी, कुणाला कळवलं. घटना अहवाल वेगळा, तो फाइलमध्ये टाचायचा नाही, "अहवाल भरला" असंही नोटमध्ये लिहायचं नाही.

ओटी_सिस्टर

बाबांशी खोटं बोलायचं नाही, आणि निदान पहिल्यांदा आपल्या तोंडून फोडायचंही नाही. "तुम्हाला काय वाटतंय, किती जाणून घ्यायचंय?" हे विचारा, उत्तर शब्दशः लिहा आणि त्याच दिवशी कन्सल्टंटना कळवा. मुलाला एवढं समजावता येतं की केमोच्या फॉर्मवर सही बाबांची लागणार, आणि कशाला सही करतोय ते न कळलेल्या माणसाची सही ही संमती नसते. बाबा स्वतःच म्हणाले "मला सांगू नका, मुलाला सांगा", तर तीही त्यांचीच निवड, तीही लिहायची.

रामबाग_इंदूर

फोनच्या ऑर्डरची एक नमुना नोंद द्याल का? तीच स्लाइडवर टाकते.

नाइट_इनचार्ज

घ्या.

"(तारीख), 02:35. सीरम पोटॅशियम 2.9, लघवी मागच्या 4 तासांत 220 मिली, ॲलर्जी नाही. डॉ. (नाव) यांना फोनवर कळवलं. ऑर्डर: पोटॅशियम क्लोराइड 20 मिलीइक्विव्हॅलंट, 500 मिली नॉर्मल सलाइनमध्ये, 4 तासांत, तासाला 125 मिली. वाचून दाखवली, 'बरोबर' म्हणाले. सिस्टर (नाव) यांनी स्पीकरवर ऐकली. 02:50 ला सुरू, पंपवर. मॉनिटर लावला. (दोघींची नावं आणि सह्या)"

लिहिताना चूक झाली तर एकच आडवी रेघ, वर आद्याक्षरं आणि वेळ. व्हाइटनर वॉर्डात ठेवूच नका.